१०८ येईपर्यंत : आजारी किंवा जखमी माणसाला कसं तपासायचं

२१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे विसरवाडीजवळ कोंडाईबारी घाटात सुरतकडे निघालेली खाजगी बस दरीत कोसळली. ५ जण दगावले, ३० हून अधिक जखमी झाले. अशा वेळी पहिला हात डॉक्टरचा नसतो. मागून येणाऱ्या गाडीवाल्याचा किंवा जवळच्या पाड्यावरच्या माणसाचा असतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात तर रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतोच. तोवर काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने, ते आम्ही इथे देत आहोत.

आधी जागा बघा. घाटाच्या वळणावर मागून ट्रक येतोय का, विजेची तार तुटून पडलीय का, पेट्रोल सांडलंय का? तुम्हीच जखमी झालात तर मदत करणारा एक कमी आणि पेशंट एक जास्त. कुणाला तरी बोट दाखवून सांगा, "भाई, तुम्ही १०८ ला फोन लावा." नुसतं "कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही.

मग खांद्यावर थोपटून मोठ्याने विचारा, "चाचा, ऐकू येतंय का?" बोलले तर श्वास चालू आहे एवढं कळलं. उत्तर नाही आलं तर कपाळावर हात ठेवून डोकं हलकेच मागे करा, हनुवटी वर उचला आणि १० सेकंदांपर्यंत छातीकडे बघा, नाकाशी कान न्या. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे, इथे खूप लोक फसतात. नाडी शोधत बसू नका, सरावाशिवाय ती सापडत नाही. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटिमीटर खोल दाबा (हे मोठ्या माणसासाठी), आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

श्वास आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. अपघातातला असेल तर मान पिरगळू न देता, डोकं आणि अंग एका रेषेत ठेवून वळवा. रक्ताची धार लागली असेल तर स्वच्छ ओढणी किंवा रुमाल दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

जखमी बाई असली की आपल्याकडचे पुरुष मागे सरतात. जवळ बाईमाणूस असेल तर उत्तमच. नसेल तर जीव वाचवण्यासाठी हात लावायला शरीयत अडवत नाही, जरूरतीचा हुकूम वेगळा असतो.

हे झालं की डोक्यापासून पायापर्यंत बघा आणि शुद्धीत असेल तर विचारा : कुठे दुखतंय, कोणती गोळी चालू आहे, साखर-बीपी आहे का, शेवटचं कधी खाल्लं? आपल्या जिल्ह्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, तेही विचारा. बोलताना तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ अडखळते, तर तो लकवा आहे, वेळ लक्षात ठेवा आणि तेल चोळत बसू नका. रमजानमध्ये असरनंतर अम्मी घामाने भिजल्या, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध झालंय, आणि त्यांना शुगरची गोळी चालू आहे, तर गिळता येत असल्यास लगेच साखरेचं पाणी द्या. रोजा नंतर कजा करता येतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंबही नको.

फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवणं, साप चावलेल्या जागी चिरा मारणं, वर दोरी आवळणं, हे सगळं नुकसानच करतं. साप चावलेल्याला शांत झोपवा, अवयव हलू देऊ नका, थेट दवाखान्यात न्या.

"पोलिसांची झंझट नको" म्हणून बरेच जण गाडी थांबवत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

१०८ चे डॉक्टर आले की थोडक्यात सांगा : काय घडलं, किती वाजता, शुद्ध कधी गेली, तुम्ही काय केलं. गोळ्यांची पाकिटं असतील तर तीही सोबत द्या.