थेंबांचा हिशेब : कलकत्त्याच्या टिंक्चरपासून सीबीडीच्या तेलापर्यंत

१/ सीबीडीच्या तेलाची छोटी बाटली आज घरबसल्या मागवता येते. माणसांसाठी ती झोप, चिंता आणि सांधेदुखीवर विकली जाते. कुत्र्यामांजरांसाठी फटाक्यांच्या भीतीवर आणि उतारवयातील दुखण्यावर. हा बाजार नवा असला, तरी भांगेच्या झाडाचा अर्क माणसाला आणि कुत्र्याला मोजून देण्याचे प्रयोग कलकत्त्यात १८३९ मध्येच नोंदले गेले. त्या वेळी उभा राहिलेला प्रश्न आजही ग्राहकासमोर आहे : बाटलीत नेमके काय आहे, आणि किती? #थ्रेड

२/ प्रयोगकर्ते होते विल्यम ब्रुक ओशॉनेसी. जन्म आयर्लंडमधील लिमरिकचा, वैद्यकीचे शिक्षण एडिनबरोचे. पटकीच्या रुग्णांच्या रक्तातील पाणी आणि क्षार कमी झालेले असतात, हे त्यांनी विशीतच दाखवून दिले होते. १८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत बंगालला आले आणि पुढे नव्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले.

३/ भांग, गांजा आणि चरस ही नावे तेव्हा युरोपातील डॉक्टरांना जेमतेम ठाऊक होती. ओशॉनेसींनी आधी वैद्य, हकीम आणि पंडितांना विचारले, संस्कृत व फारसी ग्रंथांतील उल्लेख गोळा केले. या कामी मधुसूदन गुप्त यांची मदत झाली. पाने म्हणजे भांग, फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस हा फरक त्यांनी काटेकोरपणे मांडला. तो फरक पुढे कायद्यापर्यंत पोहोचणार होता.

४/ माणसाला देण्यापूर्वी अर्क प्राण्यांना दिला गेला. मध्यम आकाराच्या एका कुत्र्याला १० ग्रेन, म्हणजे सुमारे ६५० मिलिग्रॅम, नेपाळी चरस मद्यार्कात विरघळवून पाजला. अर्ध्या तासात कुत्रा सुस्तावला, मध्येच दचकून उठू लागला, समाधानाने शेपूट हलवू लागला. त्याने हावरेपणाने अन्न खाल्ले. चाल मात्र लटपटत होती. सहा तासांत तो पूर्ववत झाला.

५/ पुढे मांजरे, डुकरे, गिधाडे, कावळे, घोडे, हरणे, माकडे, शेळ्या, मेंढ्या, गाई अशी मोठी यादी आहे. निष्कर्ष असा की मांसाहारी प्राण्यांवर अंमल लवकर आणि स्पष्ट चढतो, तर चरणाऱ्या जनावरांवर फारच थोडा. एकाच पदार्थाचा परिणाम प्रत्येक जातीच्या प्राण्यावर सारखा नसतो, हे निरीक्षण पाळीव प्राण्यांसाठी तेल घेणाऱ्याने आजही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

६/ मग रुग्णालयातील रुग्ण. संधिवाताच्या रुग्णांना एकेक ग्रेन राळ देण्यात आली. काही तासांनी एक रुग्ण विलक्षण अवस्थेत आढळला : हातपाय ज्या स्थितीत ठेवावेत, त्याच स्थितीत ते राहत होते. तो सुखरूप शुद्धीवर आला. ओशॉनेसींनी पुढच्या रुग्णांसाठी मात्रा निम्म्यावर आणली. योग्य मात्रा शोधण्याची खटपट येथून सुरू होते.

७/ धनुर्वात आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा जलसंत्रास या आजारांवर तेव्हा उपाय नव्हता. जलसंत्रासाचा रुग्ण दगावला. तरी अर्क दिल्यावर त्याच्या यातना कमी झाल्या, एवढेच ओशॉनेसींनी लिहिले. बरे होणे आणि आराम पडणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. जाहिरातीच्या भाषेत हा भेद सर्वांत आधी पुसला जातो.

८/ त्यांच्या निबंधातील सर्वांत हृदयस्पर्शी नोंद अवघ्या ४० दिवसांच्या मुलीची आहे. तिला वारंवार आकडी येत होती आणि नेहमीचे उपाय थकले होते. मग थेंबाथेंबाने गांजाचे टिंक्चर सुरू झाले, मात्रा वाढवत नेली गेली, आणि मूल वाचले. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही. पण तान्ह्या मुलाची आकडी आणि या वनस्पतीचा अर्क यांची जोडी नोंदली गेली. पावणेदोनशे वर्षांनी ती पुन्हा समोर येणार होती.

९/ १८४०च्या दशकाच्या आरंभी ओशॉनेसी रजेवर इंग्लंडला गेले, ते गांजाचा साठा घेऊनच. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनी त्यापासून अर्क सिद्ध केला. लवकरच हे टिंक्चर इंग्लंड-अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत पोहोचले. ओशॉनेसी भारतात परतून तारायंत्राच्या कामाला लागले आणि त्यासाठी ‘सर’ झाले.

१०/ डॉक्टरांची तक्रार मात्र लवकरच सुरू झाली. एका बाटलीने गुण येई, दुसरीने काहीच होत नसे, तिसरीने रुग्ण घाबरून जाई. झाडाचे वय, हवामान, फुलोऱ्याची तोडणी, जहाजावरील महिने, उष्णता आणि उजेड या सर्वांनी अर्काची ताकद बदलत होती.

११/ अफूतून मॉर्फीन आणि सिंकोनाच्या सालीतून क्विनीन एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच वेगळे झाले होते, म्हणून त्यांची मात्रा तराजूवर तोलता येई. गांजाचे सार मात्र चिकट, तेलकट, पाण्यात न विरघळणारे होते. त्याचे शुद्ध स्फटिक हाती येत नव्हते. त्यामुळे मोजायचे कशाला, हेच ठाऊक नव्हते.

१२/ ब्रिटिश राजघराण्याच्या सेवेतील डॉक्टर जॉन रसेल रेनल्ड्स यांनी १८९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव मांडला. औषध उपयोगी आहे, पण त्याची ताकद अनिश्चित असल्याने अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करावी आणि हळूहळू वाढवावे, असा त्यांचा सल्ला होता. राणी व्हिक्टोरिया स्वतः हे औषध घेत असे, ही कथा वारंवार सांगितली जाते; तिला पुरावा नाही.

१३/ भारतात १८९३-९४ मध्ये सरकारी आयोगाने भांग-गांजाची विस्तृत चौकशी केली. १,१९३ साक्षीदार तपासले गेले. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यातील गांजाची लागवडही आयोगापुढे आली. माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण असावे, असा निष्कर्ष निघाला. माणसांच्या औषधाबरोबरच गुराढोरांच्या उपचारासाठीही या वनस्पतीचा वापर होतो, हेही अहवालात आले.

१४/ अर्काची ताकद ठरवण्याचा प्रश्न अखेर अमेरिकी औषधनिर्मात्यांनी कुत्र्यांकडूनच सोडवून घेतला. पार्क-डेव्हिस कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्क कुत्र्याला पाजून त्याची चाल पाहिली जाई. १९१६ च्या अमेरिकी औषधसंहितेने ही चाचणी अधिकृत केली. वजनाच्या प्रमाणात ठरलेली मात्रा दिल्यावर कुत्रा लटपटला, तर अर्क प्रमाणित. ज्या प्राण्यासाठी आज तेल विकत घेतले जाते, तोच प्राणी तेव्हा मोजपट्टी होता.

१५/ या मोजपट्टीत एक मोठी उणीव होती. लटपटणे हा टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचा परिणाम. सीबीडीने तशी नशा येत नाही. म्हणजे सीबीडी भरपूर असलेला अर्क या चाचणीत ‘निकामी’ ठरला असता. शतकभर बाटलीत असूनही सीबीडी वेगळा ओळखू आला नाही, त्याचे हे एक कारण. कलकत्त्याच्या त्या मुलीला कोणत्या घटकाने तारले, हेही त्यामुळे आज सांगता येत नाही.

१६/ दरम्यान कायदे आवळत गेले. १९२५ च्या जिनिव्हा करारात गांजाचा समावेश झाला. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधसंहितेतून तो वगळला गेला. १९३७ मध्ये अमेरिकेने जबर कर आणि कागदपत्रांची अट लादली. १९४२ मध्ये तेथील औषधसंहितेतूनही नाव गेले. नेमके याच काळात रसायनशास्त्र उत्तराजवळ पोहोचत होते.

१७/ १९४० मध्ये इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी मिनेसोटातील रानटी हेम्पपासून सीबीडी वेगळे केले. १९६३ मध्ये राफेल मेशूलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने इस्राएलमध्ये त्याची नेमकी रचना उलगडली. १९६४ मध्ये टीएचसीची. संशोधनासाठीचा माल होता पोलिसांनी जप्त केलेला ५ किलो लेबनानी हशीश, आणि तो मेशूलम यांनी चक्क प्रवासी बसमधून प्रयोगशाळेत नेला होता.

१८/ १९८० मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी मेशूलम यांच्या साहाय्याने एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या ८ रुग्णांना रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम सीबीडी दिले. त्यांपैकी ४ जणांचे झटके जवळजवळ थांबले, ३ जणांना अंशतः गुण आला. रुग्णसंख्या लहान असली तरी संकेत ठळक होता. तरीही पुढची तीन दशके त्याचा पाठपुरावा नगण्य राहिला.

१९/ २०१३ मध्ये अमेरिकेतील एका वृत्तवाहिनीने कोलोरॅडोची शार्लट फीजी ही लहान मुलगी जगासमोर आणली. ड्रॅव्हे सिंड्रोममुळे तिला आठवड्याला सुमारे ३०० झटके येत. सीबीडीयुक्त तेलाने ते महिन्याला दोन-तीनवर आले. असंख्य पालक त्या तेलाकडे वळले. कलकत्त्याची नोंद जणू नव्या शतकात पुन्हा लिहिली गेली.

२०/ २०१८ मध्ये अमेरिकेत दोन वाटा फुटल्या. जूनमध्ये ‘एपिडिओलेक्स’ हे शुद्ध सीबीडीचे औषध दुर्मीळ अपस्मारांसाठी मंजूर झाले : चाचण्या झालेले, मात्रा ठरलेली, यकृतावरील परिणाम आणि इतर औषधांशी होणारा संयोग नोंदलेला. डिसेंबरमध्ये ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या हेम्पची शेती कायदेशीर झाली आणि खुल्या बाजारात तेलाचा पूर आला. एकाच नावाच्या या दोन वस्तूंमागची शिस्त पूर्णतः वेगळी आहे.

२१/ ती किती वेगळी, हे २०१७ च्या एका अभ्यासात आधीच दिसले होते. ऑनलाइन घेतलेली ३१ कंपन्यांची ८४ सीबीडी उत्पादने तपासली गेली. लेबलवरील प्रमाण बरोबर निघाले ३१ टक्क्यांत. ४३ टक्क्यांत सीबीडी लिहिल्यापेक्षा जास्त, २६ टक्क्यांत कमी. १८ नमुन्यांत टीएचसी सापडले. रेनल्ड्स यांची १८९० ची तक्रार जशीच्या तशी उभी होती.

२२/ मात्रेचा हिशेबही पाहावा. एपिडिओलेक्सची नेहमीची मात्रा रोज, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, १० मिलिग्रॅम. २० किलो वजनाच्या मुलाला रोज २०० मिलिग्रॅम. बाजारातील ५०० मिलिग्रॅमची बाटली अडीच दिवसांत संपेल. अपस्माराच्या चाचणीतील यश दाखवून दिवसाला चार थेंबांचे तेल विकणे, ही या गणितात न बसणारी गोष्ट आहे. आणि बरोबर मात्राही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय देण्याजोगी नाही.

२३/ भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुलोरा आणि राळ बंदीखाली आणली. नुसती पाने व बिया गांजाच्या व्याख्येबाहेर राहिल्या. ओशॉनेसींनी मांडलेला भेद येथे कायद्यात दिसतो. म्हणून येथील अनेक तेले ‘विजया’ या नावाने, पानांच्या अर्कापासून, आयुर्वेदिक औषधे म्हणून विकली जातात. विजया हे विषारी द्रव्यांच्या सूचीत असल्याने ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. बियांचे हेम्प तेल निराळे : ते खाद्यतेल आहे, त्यात सीबीडी नगण्य असते.

२४/ कुत्र्यांबाबत पुरावा थोडा आहे, पण आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात सांधे झिजलेल्या कुत्र्यांना दर किलोमागे २ मिलिग्रॅम सीबीडी दिवसातून दोनदा दिल्यावर वेदना कमी झाल्या. कोलोरॅडोतील २०१९ च्या अपस्मार-चाचणीत झटके घटले, पण झटके निम्म्याने घटलेल्या कुत्र्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. दोन्हीकडे यकृताशी निगडित घटक रक्तात वाढलेले आढळले. मांजरांबाबत माहिती याहूनही तोकडी आहे.

२५/ खरा धोका टीएचसीचा. कुत्र्याच्या लहान मेंदूत या घटकाला प्रतिसाद देणारी ग्राहके विपुल असतात. म्हणूनच तो माणसापेक्षा लवकर लटपटतो. माणसासाठीच्या तेलातील थोडे टीएचसी किंवा झायलिटॉलसारखे गोडवा आणणारे द्रव्य कुत्र्याला महागात पडू शकते. तेल दिल्यावर कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, तर तो ‘शांत झाला’ असे समजू नये. १९१६ ची चाचणीच घरात चालू झालेली असते. अशा वेळी पशुवैद्याकडे न्यावे.

२६/ ओशॉनेसींना जे मोजता आले नाही, ते आज कोणतीही सुसज्ज प्रयोगशाळा मोजते. म्हणून बाटली घेताना त्याच बॅचचा त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल मागावा : दर मिलिलिटरमध्ये सीबीडी किती, टीएचसी किती, जड धातू व कीटकनाशके आहेत का. चालू औषधांची यादी डॉक्टरांना, प्राण्याची पशुवैद्याला दाखवावी. अहवाल देता न येणाऱ्या विक्रेत्याकडील बाटली ही १८९० सालची बाटली समजून दुकानातच ठेवावी.

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास #मराठी