कृत्रिम अवयव व आधारसाधने तज्ज्ञांच्या प्रमाणन परीक्षा

गमावलेल्या हातापायाच्या जागी कृत्रिम अवयव बसवणारा प्रोस्थेटिस्ट आणि दुबळ्या, वाकड्या किंवा लुळ्या पडलेल्या अवयवाला कॅलिपर, स्प्लिंट, पाठीचा ब्रेस अशा साधनांनी आधार देणारा ऑर्थोटिस्ट स्वतंत्रपणे रुग्ण हाताळण्यास पात्र आहे की नाही, हे ठरवणाऱ्या परीक्षा. अमेरिकेत त्या व्यवसायानेच उभारलेले मंडळ घेते, जपानात सरकार घेते, जर्मनीत त्या कारागिरीच्या जुन्या परंपरेतून आल्या आहेत. भारतात विद्यापीठाची पदवी परीक्षा आणि तिच्यामागून येणारी नोंदणी मिळून हे काम करतात. हाताचे कसब आणि रुग्णाची पारख मोजायची कशी, हा प्रश्न या सगळ्यांनाच सोडवावा लागला आहे.

प्रश्न अवघड का, हे कामाच्या स्वरूपावरून कळते. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचा कृत्रिम पाय बनवताना आधी उरलेल्या भागाचे, म्हणजे स्टंपचे, प्लास्टरच्या पट्ट्यांनी माप घेतात. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा भार सहन करते. नडगीची धार आणि बाहेरच्या बारीक हाडाचे टोक तो सहन करत नाहीत. साच्यावरून काढलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर तज्ज्ञ भार घ्यायच्या जागी प्लास्टर खरवडतो आणि नाजूक जागी थर चढवतो. त्यावर सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती खोबण, तयार होते. ही खरवड थोडी जरी चुकली तरी कातडीला जखम होते, आणि मधुमेहाने पाय गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती जखम पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत नेऊ शकते. त्यानंतर अलाइनमेंट येते. पाऊल सॉकेटच्या फार मागे बसले तर चालताना गुडघा झटकन पुढे वाकतो, फार पुढे बसले तर तो मागे रेटला जातो. हे नियम पुस्तकात आहेत. पण समोरचा माणूस चार पावले चालला की नेमके काय बिघडले आहे, हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

अमेरिकेतील प्रमाणनाचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. त्या युद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे १५ हजार जवानांचे अवयव कापावे लागले. परतलेल्या जवानांना मिळालेले कृत्रिम पाय जड होते, नीट बसत नव्हते, आणि त्यांच्या तक्रारी थेट राजकारण्यांपर्यंत पोचल्या. सैन्याचे सर्जन जनरल नॉर्मन कर्क स्वतः अवयवच्छेदनाचे जाणकार शल्यचिकित्सक होते. त्यांच्या विनंतीवरून राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९४५ मध्ये हा विषय हाती घेतला. संशोधनाला पैसा मिळू लागला, तसे दिसून आले की नवा गुडघा किंवा नवे सॉकेट शोधून भागत नाही, ते बसवणारा हातही तयार असावा लागतो. १९४८ मध्ये अस्थिशल्यचिकित्सक आणि कृत्रिम अवयव बनवणाऱ्यांच्या संघटनेने मिळून प्रमाणन मंडळ स्थापले. तेच आजचे अमेरिकन बोर्ड फॉर सर्टिफिकेशन इन ऑर्थोटिक्स, प्रोस्थेटिक्स अँड पेडॉर्थिक्स, संक्षेपाने एबीसी. विद्यापीठीय शिक्षण मागाहून आले. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, न्यूयॉर्क विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांनी अभ्यासक्रम सुरू केले. या व्यवसायात आधी परीक्षा आली आणि तिच्या मागून शाळा आल्या, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

आज अमेरिकेत या मार्गाने जाणाऱ्याला पदव्युत्तर पदवी लागते. त्यानंतर मान्यताप्राप्त ठिकाणी निवासी प्रशिक्षण घ्यावे लागते : एका शाखेसाठी किमान एक वर्ष, दोन्ही शाखा एकत्र घेतल्यास दीड वर्ष. या प्रशिक्षणाचे निकष राष्ट्रीय ऑर्थोटिक व प्रोस्थेटिक शिक्षण आयोग ठरवतो. एबीसीच्या परीक्षेचे दीर्घकाळ तीन भाग राहिले आहेत.

पहिला भाग बहुपर्यायी प्रश्नांचा. शरीररचना, चालण्याचे यांत्रिकी शास्त्र, प्लास्टिक व कार्बन तंतूंचे गुणधर्म, रोगलक्षणे, व्यवसायनीती असे विषय त्यात येतात. कुठल्याही वैद्यकीय शाखेच्या प्रश्नपत्रिकेशी त्याचे साम्य आहे.

दुसरा भाग लेखी रुग्णप्रसंगांचा, आणि तो विचारपूर्वक रचलेला आहे. उमेदवाराला एका रुग्णाची जुजबी माहिती देतात. पुढे काय विचारायचे, काय तपासायचे, कोणते साधन सुचवायचे हे त्याने निवडायचे. निवडले तेवढेच त्याच्यापुढे उघड होते. आवश्यक तपासणी चुकली तर गुण जातात आणि निरर्थक किंवा घातक निवड केली तरी जातात. त्यामुळे सगळेच पर्याय निवडून सुटका होत नाही. मांडीतून पाय गेलेला रुग्ण चालताना कृत्रिम पायाच्या बाजूला झुकतो, असा प्रसंग घेऊ. पाय आखूड झाला असेल, सॉकेट बाहेरच्या बाजूला कललेले असेल, नितंबाचे स्नायू दुबळे असतील, किंवा सॉकेटचा आतला काठ टोचत असल्याने तो त्यापासून अंग सावरत असेल. चारही कारणांनी चाल बाहेरून बरीचशी सारखीच दिसते. कुठले कारण आधी पडताळायचे याचा क्रम ज्याला कळतो तो पाय दुरुस्त करतो. ज्याला कळत नाही तो पायाची उंची वाढवून मोकळा होतो आणि रुग्णाची कंबर दुखू लागते.

तिसरा भाग प्रत्यक्ष रुग्णव्यवस्थापनाचा. अवयव गमावलेल्या किंवा आधारसाधनाची गरज असलेल्या व्यक्ती परीक्षेसाठी बोलावतात. उमेदवार वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यांची तपासणी करतो, माप घेतो, प्लास्टर लावतो, साधन बसते का ते पाहतो, अलाइनमेंट सुधारतो, आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना समजावून सांगतो. परीक्षक याच व्यवसायातील अनुभवी लोक असतात. हात कुठे ठेवला, हाडाच्या खुणा बरोबर आखल्या का, प्लास्टर ओले असताना दाब नेमका कुठे दिला, रुग्णाचा संकोच राखला का, हे ते पाहतात. तिन्ही भागांत हाच सर्वांत खर्चिक आणि भरवायला सर्वांत कठीण. तरी या परीक्षेचा खरा प्राण त्यात आहे, आणि खर्चाच्या कारणाने तो कुठेही गाळला जाऊ नये, असे या नोंदीच्या लेखकाला ठामपणे वाटते.

कशावर प्रश्न विचारायचे हेही मंडळ मनाने ठरवत नाही. काही वर्षांच्या अंतराने प्रत्यक्ष काम करणाऱ्या तज्ज्ञांची पाहणी करून त्यांचा वेळ कोणत्या कामांत जातो हे तपासतात, आणि त्यानुसार प्रश्नांचे प्रमाण बदलते. प्रमाणपत्र टिकवण्यासाठी पुढेही सतत शिक्षणाचे श्रेयांक मिळवावे लागतात. १९८४ मध्ये निघालेल्या आणखी एका मंडळाची, बीओसीची, प्रमाणपत्रेही अमेरिकेत चालतात. प्रमाणपत्र कायद्याने सर्वत्र सक्तीचे नाही : फ्लोरिडा, टेक्सस, इलिनॉय, ओहायो, न्यू जर्सी अशा काही राज्यांत परवाना लागतो, कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात लागत नाही. मात्र २००० साली संसदेने केलेल्या कायद्यात, मापानुसार बनवलेल्या साधनांचे पैसे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने कोणाला द्यावेत हे सांगताना पात्र व्यक्तींमध्ये या दोन मंडळांच्या प्रमाणित तज्ज्ञांचा उल्लेख आला. त्यामुळे ऐच्छिक प्रमाणपत्राला पैशाचे पाठबळ मिळाले.

इतर देशांची पद्धत थोडक्यात अशी. ब्रिटनमध्ये वेगळी परीक्षा नाही; मान्यताप्राप्त पदवी घेतली की आरोग्य व काळजी व्यवसाय परिषदेत नोंदणी होते, आणि नोंदणीशिवाय ही पदनामे लावणे गुन्हा आहे. जपानने १९८७ मध्ये स्वतंत्र कायदा करून राष्ट्रीय परीक्षा आणली. जर्मनीत तीन वर्षांच्या उमेदवारीनंतर कारागीर परीक्षा आणि पुढे मास्टरची परीक्षा असते. डॉर्टमुंड येथील शाळा त्यासाठी प्रसिद्ध आहे. १९७० मध्ये कोपनहेगनला स्थापन झालेल्या आयएसपीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने गरीब देशांचा विचार करून तज्ज्ञ, सहायक तज्ज्ञ आणि तंत्रज्ञ असे तीन स्तर ठरवले. टांझानियातील मोशी येथे १९८१ मध्ये आणि कंबोडियात १९९४ मध्ये निघालेल्या शाळांचे शिक्षण याच निकषांवर उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांतही मनुष्यबळाच्या शिक्षणाला आणि नियमनाला मोठे स्थान आहे.

भारतात भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ चा आहे. तो १९९३ मध्ये अमलात आला. प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट यांची नावे केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत असावी लागतात. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मुख्य पात्रता म्हणजे साडेचार वर्षांची बीपीओ (बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स) पदवी, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप. ओलटपूर, कोलकाता आणि दिल्ली येथील राष्ट्रीय संस्थांत हा अभ्यासक्रम आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचा पदवी अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. महाराष्ट्रात या कामाची परंपरा त्याहून जुनी : पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र सैन्याने १९४४ मध्ये, महायुद्धातील जखमी जवानांसाठी सुरू केले.

पदवीनंतर देशभर एकच अशी परवाना परीक्षा भारतात नाही. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक येतात, रुग्णावर माप घ्यायला लावतात, तोंडी प्रश्न विचारतात. पण तिची काठिण्यपातळी विद्यापीठागणिक बदलते. सामायिक प्रात्यक्षिक परीक्षा हवी, आणि ती अमेरिकेची नक्कल नसावी. आपल्याकडचा रुग्ण जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात भातलावणी करतो, देवळात अनवाणी जातो. जयपूर फूटचा जन्म याच गरजेतून झाला. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय बनवला की त्यावर बूट घालावा लागत नाही आणि घोट्याजवळ सर्व बाजूंनी हालचाल होते. कृत्रिम पाय घालून रुग्णाला खाली बसता-उठता येते का, हा प्रश्न भारतीय परीक्षेत हक्काने यायला हवा. कॅलिपरचेही तसेच. पोलिओने पाय गेलेली एक मोठी पिढी आपल्याकडे प्रौढ आहे. देशात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये आढळला, पण त्या पिढीचे स्नायू वयोमानाने आणखी थकत आहेत, आणि पाश्चात्त्य अभ्यासक्रमांत या रुग्णांना आता फारशी जागा उरलेली नाही.

रामचंद्र शर्मांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. आजच्या नियमांनुसार त्यांना तज्ज्ञ म्हणून नोंदणी मिळाली नसती, आणि तरीही त्यांच्या हातच्या कल्पनेवर लाखो लोक उभे राहिले. यातून परीक्षा नको असे ठरत नाही, कारण अशिक्षित हातांनी केलेल्या जखमांची नोंद कुठेच ठेवली जात नाही. मात्र कार्यशाळेत वर्षानुवर्षे राबलेल्या तंत्रज्ञाला अनुभवाच्या जोरावर परीक्षेला बसून वरच्या स्तरावर जाता यावे, अशी वाट नियमांत असणे न्यायाचे आहे. आयएसपीओच्या तीन स्तरांच्या रचनेत तिला जागा करता येते.

भारतीय पदवीधर परदेशी जातात तेव्हा त्यांची पदवी आपोआप मानली जात नाही. अमेरिकेत पदवीचे मूल्यमापन शिक्षण आयोगाकडून करून घ्यावे लागते, आणि कमी पडलेला भाग भरून काढल्यावरच एबीसीच्या परीक्षांचा मार्ग मोकळा होतो. ब्रिटनमध्ये परदेशी अर्जदाराचे शिक्षण आणि अनुभव तेथील निकषांशी ताडून पाहतात. मुंबईतून पदवी घेऊन बाहेर जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने रुग्णांवर केलेल्या कामाच्या नोंदी, प्रशिक्षणाचे तास आणि पर्यवेक्षकांच्या सह्या पहिल्या वर्षापासून जपून ठेवाव्यात. मूल्यमापनाच्या वेळी हीच कागदपत्रे मागितली जातात.