उलट्या पावली चढलेला घाट

यवतमाळच्या कापसाची गाठ रेल्वेने मुंबईला निघाली, की तिला एकदा तरी हमालाच्या पाठीवर बसावंच लागे. आपली शकुंतला गाडी अडीच फुटी रुळांची. 113 किलोमीटर दुडकत ती मूर्तिजापूरला पोचायची, आणि तिथे गाठी उतरवून मोठ्या लाइनीच्या वाघिणीत चढवायच्या. पुढे भुसावळ, मनमाड, इगतपुरी आणि मग सह्याद्री. त्या सह्याद्रीतून रेल्वे खाली कशी उतरली, याची कुळकथा वऱ्हाडच्या कापसाशी बांधलेली आहे. पण ती सांगायला आधी शेजारच्या बोरघाटात जावं लागतं, कारण नवल तिथे अधिक घडलं.

1853 हे साल ध्यानात ठेवण्यासारखं. त्या वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, तो घाटापलीकडे पिकत होता, आणि मध्ये दोन हजार फुटांची काळ्या पाषाणाची भिंत उभी होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, हिचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याला या भिंतीत दोन वाटा काढायच्या होत्या: पुण्याकडे बोरघाट, नाशिक आणि वऱ्हाडाकडे थळघाट, म्हणजे आपला कसारा.

अडचण अशी की आगगाडी ही जातीने सपाटीवरची. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारसं घासत नाही, म्हणून थोड्या जोरात मोठं ओझं ओढता येतं. चढावर हाच गुण उलटतो, चाक जागच्या जागी फिरू लागतं. बर्कलीने दोन्ही घाटांत जास्तीत जास्त चढ धरला तो 37 फुटांमागे एक फूट. बैलबंडीला हा चढ काहीच नाही, पण मालगाडीला तो जिवावरचा. इतका सौम्य चढ ठेवून 1,831 फूट चढायचं तर वाट लांबवावी लागते, डोंगराच्या कुशीकुशीने फिरवावी लागते. बोरघाटात ती 25 किलोमीटरच्या आसपास झाली, 25 बोगदे खोदावे लागले, आणि तरीही खंडाळ्याच्या खाली एका सोंडेवर वाट संपली. पुढे दरी. वळायचं तर वळणाला जागा नाही.

मग त्यांनी वळणंच रद्द केलं. सोंडेवर थोडी सपाट जागा करून तिथे स्टेशन बांधलं. गाडी वर येऊन त्यात शिरायची, इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचं, आणि आतापर्यंत शेपटीला असलेला डबा पुढे होऊन गाडी उलट दिशेने उरलेला घाट चढायची. यालाच रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. कसाऱ्यातही असंच एक होतं. दोन घाट चढून आलेला प्रत्येक इंग्रज लाटसाहेब एकदा तरी उलट्या तोंडाने चढला, ही गोष्ट मला उगीचच आवडते.

आज कुणी विचारेल, दात्यांची रेल्वे का नाही केली? दोन रुळांच्या मध्ये दाते असलेली लोखंडी पट्टी टाकायची, इंजिनाखालच्या दातेरी चाकाने ती धरायची आणि चढायचं. कोळशाच्या खाणींत असा प्रयोग 1812 मध्येच झाला होता, पण डोंगर चढणारी दात्यांची रेल्वे अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर धावली ती 1869 मध्ये. बोरघाट तोवर चालू होऊन सहा वर्षं झाली होती. आणि दाते असते तरी उपयोग मर्यादितच होता. दात्यांवर गाडी संथ चालते आणि वजन थोडं ओढते. आपल्याकडे निलगिरीत 1899 साली मेट्टुपाळयम ते कुन्नूर ही वाट झाली, 12 फुटांमागे एक फूट चढणारी. ती हौशी प्रवाशांना पुरली. वऱ्हाडाचा कापूस तिने वाहिला नसता.

युरोपातल्या एका डोंगरी रेल्वेशी मुंबईचा थेट संबंध आला. फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये माँ सेनी नावाची खिंड आहे. तिच्यावर 1868 मध्ये जॉन फेल नावाच्या इंग्रजाने मधल्या तिसऱ्या रुळाची गाडी चालवली. त्या रुळाला दाते नव्हते, तर इंजिनाची आडवी चाकं त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरत. लंडनहून हिंदुस्थानकडे निघालेली टपाल काही काळ या खिंडीतून इटलीत उतरली. पण त्याच डोंगररांगेच्या पोटात बोगदा खोदणं सुरू होतं. 1871 च्या सप्टेंबरात तो खुला झाला आणि फेलची रेल्वे महिन्याभरात बंद पडली. पुरती साडेतीन वर्षंही तिला मिळाली नाहीत.

बोरघाटाला बोगद्याने हरवायला मात्र 66 वर्षं लागली.

ती वाट बांधली कुणी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1856 मध्ये काम सुरू झालं तेव्हा डायनामाइट जन्मायचं होतं. हाताने पहारी मारून भोकं पाडायची आणि त्यांत साधी बंदुकीची दारू ठासायची. पावसाळ्यात बहुतेक काम बंद, उन्हाळ्यात पाण्याचे हाल, आणि पटकीची साथ पाठीला लागलेली. कामाच्या ऐन भरात 40 हजारांवर माणसं घाटात होती. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून 1859 मध्ये मजूर चिडून उठले, मारामाऱ्या झाल्या, आणि पहिला ठेकेदार फॅव्हिएल याने काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, हाताखालच्या दोन इंजिनिअरांना घेऊन ठेका पुरा केला. घाटातल्या कामांची जुनी छायाचित्रं आहेत, तीही तिनेच काढली असं मानतात. 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने घाट खुला केला. बर्कली ते पाहायला उरला नव्हता, आदल्याच वर्षी तो गेला. जे हजारो मजूर तिथे गेले त्यांची नावं कुठल्याच दगडावर कोरलेली नाहीत.

कसारा घाट 1 जानेवारी 1865 ला सुरू झाला आणि लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला भिडला. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ला पेटून 1865 ला विझलं. म्हणजे कापसाला सोन्याचा भाव होता त्या वर्षांत बंड्याच चालत होत्या, आणि रेल्वे आली तेव्हा भाव कोसळायला लागला होता.

रिव्हर्सिंग स्टेशनचे तोटे पहिल्या दिवसापासून दिसत होते. सपाट जागा तेवढीच, म्हणून गाडीची लांबीही तेवढीच. इंजिन सोडा, फिरवा, जोडा, यात वेळ जाई. एका वेळी एकच गाडी हा खेळ खेळू शकते, मग मागच्या गाड्या ताटकळत. खरं भय उताराला होतं. घाट उतरून आलेल्या गाडीपुढे स्टेशनच्या टोकाला फक्त अडसर आणि त्यापलीकडे दरी. 1869 च्या जानेवारीत उतरणारी एक गाडी ब्रेकला न जुमानता या स्टेशनात घुसली, अडसर तोडून पलीकडे गेली आणि माणसं मेली. पुढे घाटात जागोजागी कॅच सायडिंग ठेवले. उतरती गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवल्याशिवाय तिला पुढची वाट मिळत नाही, नाहीतर ती चढाच्या आडवाटेला वळते.

1929 मध्ये हे सगळं मिटलं. सोंडेवर थांबून उलटं फिरण्याऐवजी डोंगरातूनच नवे बोगदे काढून वाट सरळ खंडाळ्याकडे नेली. हे तेव्हाच का जमलं, याचं उत्तर विजेत आहे. चढावर कण्हत जाणारं कोळशाचं इंजिन लांब बोगद्यात शिरलं की ड्रायव्हर आणि फायरमन धुराने गुदमरतात. त्याच सुमारास कल्याण ते पुणे मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि लांब नाकाडांची, मधून वाकणारी विजेची इंजिनं आली, ज्यांना रेल्वेची माणसं खेकडा म्हणत. 1 जून 1930 ला दख्खनची राणी सुरू झाली, तिला रिव्हर्सिंग स्टेशन पाहावंच लागलं नाही. त्या जुन्या जागेजवळून आता द्रुतगती मार्गाची वाहनं जातात.

बोगद्याने उलटं फिरणं संपवलं, चढ संपवला नाही. 37 ला 1 अजून तसाच आहे, कसाऱ्यातही. म्हणूनच कर्जतला आणि कसाऱ्याला गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, आणि ती लागेपर्यंत कर्जतचा वडा खपतो.

यवतमाळकडे यायचं तर इथे उलटाच प्रकार झाला. किलिक निक्सन कंपनीने वाट रुंदीला अडीच फूट ठेवली, कारण अरुंद रुळाला आखूड वळणं चालतात आणि खोदकाम वाचतं. खर्च वाचला, वेग गेला. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन इथे 1994 पर्यंत राबलं, नंतर डिझेल आलं, आणि आता गाड्या बंद आहेत. दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड ही 284 किलोमीटरची मोठी लाइन होते आहे. तिच्या आखणीत बोगदे आहेत, कारण आज आधी चढ ठरतो आणि डोंगर त्याप्रमाणे खोदला जातो. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला.

शकुंतला रुंद करण्याच्या घोषणाही झाल्या आहेत. ती रुंद व्हावी, यात दुमत नाही. हातगाडीच्या वेगाने कुणाचा जिल्हा चालू नये. पण खंडाळ्याखालचं रिव्हर्सिंग स्टेशन मोडलं तेव्हा जुनं जपण्याचा विचार कुणी करत नव्हतं, आज तो करता येतो. दारव्हा किंवा मूर्तिजापूरजवळचा दोन-चार किलोमीटरचा अडीच फुटी रूळ, एक सिग्नल आणि एक स्टेशन आहे तसं राखून ठेवायला रेल्वेला फार खर्च येणार नाही. जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी रुंदीकरणाच्या मागणीपत्रात ही एक ओळ घालावी.