टोपलीचा पैसा आणि दोन सह्या

आम्ही मुंबईच्या कफ परेडमधल्या मच्छीमार नगरातून बोलतोय.

कोळ्यांत जुनी वाटणी अशी, की दर्यावर पुरुष जाणार आणि मासळी विकणार बाई. विकणारीच्याच हाती पैसा. तो बटव्यात राहायचा, नाहीतर सोनं होऊन अंगावर चढायचा. त्याला सही लागत नसे. बँक आली आणि कागद वाचता येणाऱ्याचा हात वर झाला.

1975 साली गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया एकत्र केल्या, अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तारण द्यायला या बायांकडे काही नव्हतं. त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँक ऑफ बडोदाने त्यांना कर्ज दिलं. पुढे 1992 पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला घेतले. खातं गटाच्या नावाचं, पैसे काढायला किमान दोघींच्या सह्या. तुमच्याही गटाचं तसंच असेल.

गटात दोन सह्यांशिवाय आपण शंभर रुपये हलू देत नाही. घरी मात्र आई थकली की मुलाचं नाव खात्यात घालून मोकळ्या होतो! आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी तेच केलं. फॉर्मवर ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ यापुढे खूण झाली, मावशींनी अंगठा दिला. जून-जुलैच्या मासेमारी बंदीसाठी ठेवलेले पैसे मे महिन्यातच मुलाने काढले. बँकेकडे दाद मागायला जागा नव्हती, कारण त्या ओळीचा अर्थच असा, की दोघांतला कुणीही एकटा सगळी रक्कम काढू शकतो.

त्याच फॉर्मवर आणखी ओळी असतात. ‘पहिला खातेदार किंवा हयात’ लिहिलं, तर पहिली जिवंत असेपर्यंत व्यवहार तिचाच, दुसऱ्याचा हक्क तिच्यामागे. ‘संयुक्तपणे’ लिहिलं, तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. आजारपणात मात्र याची अडचण होते. आणि मागे राहणाऱ्यांना पैसे सहज मिळावेत एवढंच हवं असेल, तर खातं एकटीचं ठेवून नॉमिनी नेमायचा. खातेदार जिवंत असताना नॉमिनीला पैशाला हात लावता येत नाही.

‘पण बँकेत जाववत नाही, मग?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नाही तर पायाचाही. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलंय. मागावी लागते, एवढंच.

जुन्या खात्याची ओळ बदलायला दोन्ही खातेदारांची संमती लागते. मावशींच्या मुलाने ती दिली नाही. मग त्यांनी एकटीच्या नावाने नवं खातं काढलं, लेकीला नॉमिनी केलं. अंगठा देण्याआधी फॉर्म दोनदा वाचून घेतला. मुलगा अजून नीट बोलत नाही. मावशी रोज टोपली घेऊन बसतात.