गारव्याचा हिशेब

कारखान्यांचा इतिहास सांगताना पंडित मंडळी आगीपासून आरंभ करतात. कोळसा, भट्टी, वाफ आणि मग वीज, असा तो क्रम असतो. परंतु ज्यांची हयात यंत्रांपाशी गेली त्यांना ठाऊक असते की, यंत्रात घातलेल्या उष्णतेचा फार मोठा भाग पुन्हा बाहेर काढावा लागतो आणि त्यासाठीही पैसा, पाणी व माणूस खर्ची पडतो. बुलढाणा जिल्ह्यासारख्या उन्हाच्या आणि पाणीटंचाईच्या मुलखात तरी या खर्चाचा इतिहास सांगितला पाहिजे, असे वाटल्यावरून आम्ही हा विषय घेतला आहे.

थंड करण्याच्या कामात बचत करता येते, हे ठसठशीतपणे दाखवून दिले ते जेम्स वॉटने. न्यूकमेनच्या १७१२ च्या एंजिनात वाफ ज्या नळकांड्यात शिरे, त्यातच गार पाणी सोडून तिचे पाणी करीत. त्यामुळे दर खेपेस नळकांडे निवे आणि पुन्हा तापवावे लागे; पुष्कळसा कोळसा त्या लोखंडापायीच जळे. वाफ निववण्याचे भांडे निराळे ठेवावे, ही युक्ती वॉटला १७६५ मध्ये सुचली आणि १७६९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. पुढे बोल्टन आणि वॉट यांच्या पेढीने खाणवाल्यांशी करार केले. जुन्या एंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग पेढीला मिळावा, अशी त्यांतील अट होती. बचत मोजता येते आणि मोजलेल्या बचतीवर हक्क सांगता येतो, हा धडा भांडवलाने तेव्हाच गिरवला. भट्टीत कोळसा ओढणाऱ्याचा वाटा त्या करारात नव्हता.

आमच्या वऱ्हाडात वाफेचे यंत्र आले ते कापसाच्या पाठोपाठ. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला, आणि खामगावची पेठ मुंबईमार्गे मँचेस्टरशी जोडली गेली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी काढून गठाण बांधायला कोरडी हवा चालते. सूत काढायचे तर ती चालत नाही. लँकेशायरची दमट हवा सुताला मानवते, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात धागा तटातट तुटतो. म्हणून नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी पुढे हवा दमट राखणारी यंत्रे बसवली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवतेच असे नाही. खुद्द इंग्लंडात विणाईच्या खात्यांत वाफ सोडण्याची चाल इतकी वाढली की, १८८९ मध्ये कायद्याने तिला मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात कृत्रिम दमटपणासंबंधी कलम होते, आणि २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून द्यावे, असेही कलम होते. म्हणजे मालासाठी गारवा मालकाने आपखुशीने आणला, कामगाराच्या घोटभर गार पाण्यासाठी मात्र कायदा करावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमोनियाचे कॉम्प्रेसर आले. बर्फाचे कारखाने, दूध डेअऱ्या, शीतगृहे यांचा संसार त्यांवर चालू लागला. पुष्कळांची समजूत असते की हे यंत्र थंडी तयार करते. ते थंडी तयार करीत नाही. मोट जशी खालचे पाणी वर आणते, तशी ते आतली उष्णता उपसून बाहेर टाकते. विहीर जितकी खोल, तितके बैल अधिक दमतात. त्याचप्रमाणे आतले आणि बाहेरचे तापमान यांत जितके अंतर, तितकी वीज अधिक जळते. बाहेरचे टोक, म्हणजे कंडेन्सर, एक अंश अधिक गार राखले तर साधारणपणे दोन-तीन टक्के वीज वाचते. पंख्याचा वेग पाचव्या हिश्श्याने उतरवता आला तर त्याला वीज जवळजवळ निम्मीच लागते. थंडीच्या दिवसांत आणि रात्रीच्या पाळीत हे सहज साधण्याजोगे असते.

कंडेन्सर गार ठेवणारा कूलिंग टॉवर पाण्याच्या वाफा करून काम करतो. खसाच्या ताटीचेच ते तत्त्व. आमच्या मुलखात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असला, तरी हवा कोरडी असल्यामुळे ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २२-२४ अंशच दाखवू शकतो. म्हणजे टॉवरला हे हवामान अनुकूल. परंतु नेमके तेव्हाच पाणी नसते. शिवाय पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला, भूगर्भातले पाणी खारे. त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. नळ्यांत थर बसतो, उष्णता अडते आणि बिल वाढते. थर टाळावा तर क्षारांनी भरलेले पाणी वारंवार सोडून द्यावे लागते. विजेची बचत आणि पाण्याची बचत यांची अशी ओढाताण होते.

या ओढाताणीचा कडेलोट मराठवाड्याने पाहिला. २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्यावाचून बंद पडले. कोळसा असून चालत नाही, वाफ निववायला पाणी लागते, हे तेव्हा सर्वांना कळले. उलट नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना देण्याची योजना झाली. शहाणपणाची वाट ती हीच.

आता कामगाराकडे येऊ. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर ऊर्जेचे लेखापरीक्षण सुरू झाले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तपासनीस येतो दोन दिवस. ऑपरेटर असतो तिन्ही पाळ्या. कॉम्प्रेसरचा दाब चढला की नळ्या चोंदल्या, की हवा शिरली, हे तो काट्यावरून आणि आवाजावरून ओळखतो. आम्ही जेथे युनियनचे काम केले अशा एका कारखान्यात ऑपरेटरने ही तक्रार लॉगबुकात तीन वेळा लिहिली होती; ती वही कोणी उघडली नाही. पुढे बाहेरून आलेल्या सल्लागाराने तेच लिहिले, तेव्हा साफसफाई झाली. सल्लागाराला फी मिळाली, मालकाचे बिल उतरले. ऑपरेटरला काही मिळाले नाही.

म्हणून आमचे मागणे दोन प्रकारचे आहे. बचतीच्या नावाखाली खात्यातले पंखे बंद करणे आणि पाण्याचा कूलर काढून नेणे, याला आम्ही बचत म्हणत नाही. तो खर्च कामगाराच्या अंगावर ढकलणे होय. आणि जी खरी बचत मीटरवर दिसते, तिच्यात यंत्र राखणाऱ्याचा वाटा करारात लिहिलेला असावा. वॉटच्या पेढीने अडीचशे वर्षांपूर्वी एक तृतीयांश मागितला आणि घेतला. हिशेबाची रीत तेव्हापासून तयार आहे; तीत एक नाव घालायचे राहिले आहे, इतकेच.