आवाजाचे यंत्र आणि तिसरी तार

श्रोतेहो, आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा म्हणजे कारखान्याचा दरवाजा आणि गावातले सार्वजनिक वाचनालय. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार केवढा, हे आम्ही जाणून आहो. तथापि ज्या यंत्राच्या जोरावर आम्ही आयुष्यभर बोलत आलो, त्याचा इतिहास सांगण्यापुरती मुभा आम्ही मागून घेतो. रिक्षाच्या टपावर कर्णा बांधावयाचा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो चालवावयाचा आणि पाळी सुटण्याच्या दहा मिनिटांत द्वारसभेला जमलेल्या शेकडो माणसांपर्यंत मागणी पोहोचवावयाची, हे आमचे काम. पूर्वी ज्याचा गळा मोठा त्याचीच सभा. हा नियम कोणी मोडला, आणि तो मोडताना कोणाला काय किंमत द्यावी लागली?

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील नापा गावी पीटर जेन्सन हा डेन्मार्कहून आलेला तंत्रज्ञ आणि त्याचा जोडीदार एडविन प्रिडहॅम टेलिफोनचा ऐकण्याचा भाग सुधारण्याच्या खटपटीत होते. त्यांनी चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते ठेवले, त्याला पडदा जोडला आणि पुढे ग्रामोफोनचा कर्णा बसविला. कानाशी धरावयाचे यंत्र मैदानभर ऐकू जाऊ लागले! २४ डिसेंबर १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे नाताळासाठी जमलेल्या प्रचंड समुदायाने ते ऐकले. पुढे सप्टेंबर १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी सॅन डिएगोच्या क्रीडांगणात काचेच्या खोलीत उभे राहून, सुमारे ५०,००० लोकांपुढे, राष्ट्रसंघाची बाजू याच यंत्रावरून मांडली. आपल्याकडेही स्वातंत्र्यलढ्यातील सभांची छायाचित्रे पाहिली, तर नेत्यांच्या तोंडापुढे ‘शिकागो रेडिओ’ या अक्षरांची पाटी असलेला माईक दिसतो. ही कंपनी मोटवाने कुटुंबाची. नाव परदेशी असले तरी धंदा देशी होता.

हे झाले वक्त्याचे. वादकाचे दुःख वेगळे होते. गिटार हे मूळचे बैठकीचे वाद्य. १९२० नंतर अमेरिकेतील नाचघरांत कर्णे, सॅक्सोफोन आणि ढोल यांचा ताफा वाढला. त्या गदारोळात गिटारवाला हात झिजवी आणि ऐकू कोणालाच येत नसे. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ या वादकाने अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर या कारखानदाराच्या मदतीने १९३१-३२ च्या सुमारास तोडगा काढला. पोलादी तारांपाशी चुंबक आणि वेटोळे बसविले, की तार छेडताच वेटोळ्यात वीज उपजते. ती वाढवून कर्ण्याला द्यावयाची. अ‍ॅल्युमिनियमचे ते वाद्य तळणीच्या तव्यासारखे दिसे, म्हणून त्याचे नावही तेच पडले. हक्कपत्र मिळावयास मात्र १९३७ साल उजाडले. हे पहिले वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे हवाई पद्धतीचे होते. आपल्या मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर वाजविलेली चित्रपटगीते जुन्या रसिकांना आठवत असतील. त्या वाद्याचे मूळ घराणे हेच.

१९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा गरीब कृष्णवर्णीय तरुण बेनी गुडमनच्या ताफ्यात आला आणि मागच्या रांगेतला गिटारवाला पुढे उभा राहिला. क्षयाने तो १९४२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. पण वाट मोकळी करून गेला.

येथे आमच्यातला संघटक जागा होतो. चौघांचा आवाज पंधरांएवढा झाला, तर उरलेल्या अकरांनी काय करावयाचे? मोठे ताफे मोडले ते एकट्या विजेमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महायुद्ध होते, १९४४ मध्ये नाचघरांवर बसलेला जबर कर होता. पण वीज हे त्यातले एक कारण होतेच. त्याआधी बोलपटाने चित्रपटगृहांतील हजारो वादकांची भाकरी काढून घेतली होती. अमेरिकन वादकांच्या संघाने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून तबकड्यांसाठी वाजविणे बंद केले. मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. अखेर विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे संघाच्या निधीत रक्कम देणे त्यांना मान्य करावे लागले. यंत्र कोणी फोडले नाही. यंत्राच्या उत्पन्नात वाटा मागितला. हा धडा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

पुढे गर्दी वाढली आणि यंत्र तोकडे पडू लागले. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स गायले तेव्हा ५५,००० हून अधिक श्रोते होते. गिटारींसाठी शंभर वॅटचे ध्वनिवर्धक होते. गळ्यासाठी मात्र क्रीडांगणात घोषणा करण्याचे जे कर्णे होते तेच. किंकाळ्यांपुढे गाणाऱ्यांना स्वतःचा सूरही कळेना. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, शुअर कंपनीने ‘व्होकल मास्टर’ हा संच आणला: सहा जोडण्यांची पेटी आणि दोन उंच खांबांसारखे कर्णे. मोटारीत घालावयाचे, गावोगाव न्यावयाचे, हवे तेथे उभे करावयाचे. आज लग्नाच्या मांडवात जी पेटी दिसते, ती याच कुळातली.

पेटीला तारा खोचल्या की झाले, असे मात्र नाही. बोलण्याच्या माईकमधून निघणारी वीज व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. गिटारची त्याहून कितीतरी पट अधिक. माईकचा अंतर्गत अडथळा दीडशे ते सहाशे ओहमचा, म्हणून त्याची तार लांब चालते. गिटारच्या वेटोळ्याचा हजारोंचा. तिची तार पाच-सहा मीटरहून फार लांबविली, की सुराची धार बोथट होते. म्हणून गिटार माईकच्या जागी सरळ खोचू नये. मध्ये लहान ट्रान्सफॉर्मरची डबी घालावी. कर्णे माईकच्या पुढे ठेवावेत, मागे नव्हे. नाही तर कर्ण्याचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा कर्ण्यात, असे चक्र सुरू होते आणि कानठळ्या बसविणारी शीळ उठते. पहिला माणूस ‘हॅलो, हॅलो’ म्हणताच सारी सभा कानांवर हात ठेवते, ती हीच.

पण शिळेने माणूस मरत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या ताफ्याचा गिटारवादक लेस्ली हार्वे रंगमंचावर मेला. वय २७. एक हात गिटारच्या तारांवर होता आणि त्याने माईकला स्पर्श केला. जोडणीत जमिनीची तार धड नव्हती. याचे मर्म असे: गिटारच्या तारा तिच्या ध्वनिवर्धकाच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात, आणि माईकची जाळी दुसऱ्या पेटीच्या सांगाड्याला. यांपैकी एकाची जमिनीची तार तुटली आणि आत वीज सांगाड्यावर उतरली, तर साऱ्या घरगुती विजेचा दाब वादकाच्या बोटांत आणि ओठांत उभा राहतो. मध्ये असते ती फक्त त्याची छाती.

हे आम्ही पुस्तकात वाचले ते नंतर. आधी डोळ्यांनी पाहिले. आमच्या युनियनमधील एक हेल्पर गणपतीत बेंजो पार्टीत वाजवीत असे. हातगाडीवर जनरेटर, त्याशेजारी पेटी, वर भोंगे. विसर्जनाच्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. बेंजोच्या तारांवर हात असतानाच तो माईक सरळ करावयास गेला आणि ओरडलादेखील नाही. नुसता ताठ झाला. गाडी ओढणाऱ्या पोराने लाकडी दांड्याने वायर उडविली, म्हणून तो वाचला. दोन बोटे कायमची वाकडी राहिली. नंतर आम्ही पिन पाहिली. दोन भोकांच्या जागेत बसावी म्हणून तिसरा, जाडा दांडा कोणीतरी पकडीने मोडून काढला होता. रात्री आम्ही त्याच्या आईपुढे बसलो होतो. ‘दादा, तिसरी तार कशाला असते?’ तिने विचारले. आम्हांला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधता शोधता हा सारा इतिहास आमच्या हाती लागला.

म्हणून आपल्यापैकी जे मंडळांचे कार्यकर्ते आहेत, त्यांना हात जोडून विनंती. सारी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवा. तिसरा दांडा मोडू नका. गळती होताच वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे स्विच लावा. आणि माईक ओठांशी नेण्यापूर्वी टेस्टर त्याच्या जाळीला टेकवा. खर्च थोडका आहे. वेळ त्याहून थोडा.

दुर्बळ गळ्याच्या माणसालाही या यंत्राने सभा मिळवून दिली, हे त्याचे ऋण आम्ही मानतो. पण व्यासपीठावर बोलणाऱ्याचे नाव छापले जाते. पहाटे येऊन वायरी ओढणाऱ्याचे नाही. आजच्या या सभेतही मांडवामागे एक मुलगा पेटीशी बसला आहे. आमचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला असेल, तर तो त्याच्यामुळे. जाताना त्याला दोन शब्द बरे बोलून जा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.