प्लेगचा उंदीर आणि तुळशीचं रोप

इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं की बेळगाव-बडोद्याकडच्या आमच्या पाहुण्या बायका हमखास विचारतात, "तुमच्याकडे हे जमतं तरी कसं गं?" 2017 पासून 2023 पर्यंत सलग सात वर्षं आम्ही पहिले. सातव्या वेळी सुरतेबरोबर विभागून. उत्तर म्हणून आपण कचरागाडी दाखवतो, ओल्या-सुक्याचे वेगळे डबे दाखवतो, देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर कसा हटला ते सांगतो. हे सगळं खरंच आहे. पण मला त्यांना शंभर वर्षांपूर्वीची एक दिवाळी सांगाविशी वाटते. ती आपल्या गल्ल्यांतूनच गेली होती, आणि आपल्याच मुलींना तिची माहिती नाही.

साल 1917. इंदुरात प्लेगची धास्ती होती. 1896 साली मुंबईला आलेला हा रोग नंतर गावोगाव फिरत राहिला, जायचा आणि पुन्हा यायचा. आपली जुनी वस्ती डोळ्यांपुढे आणा: मल्हारगंज, इतवारिया, सराफा, जुनी इंदूर. खाली दुकान, मागे धान्याची कोठी, वर घर, मधे चौक, आणि जिन्याखाली तीन पिढ्यांची अडगळ. उंदराला याहून काय हवं? प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो हे तोवर शास्त्रज्ञांना कळलेलं होतं. पण ते घराघरात पोचवायचं कसं, हा प्रश्न होता. आमच्यासारख्या जैन घरात तर उंदीर पिंजऱ्यात धरून नदीपलीकडे सोडून यायचे, आणि तो सोडलेला उंदीर दुसऱ्या कुणाच्या तरी कोठीत शिरायचा!

सरकारी मार्ग काय होता ते 1897 साली पुण्यानं पाहिलं होतं. गोरे सोजीर घरात शिरले, देवघरात गेले, माजघरात गेले, बायकांची तपासणी चारचौघांत झाली, सामान रस्त्यावर टाकून जाळलं. शेवटी 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. ही गोष्ट आपण शाळेत चापेकर बंधूंची म्हणून शिकलो. पण तिच्यात ज्यांच्या चुलीपर्यंत बूट आले, त्या बायकाही आहेत. पुण्याशी सोयरीक असलेल्या इंदूरच्या मराठी घरांतून ती आठवण वीस वर्षांत पुसली जाणं शक्यच नव्हतं.

अशा वेळी तुकोजीराव होळकरांच्या दरबारानं एका स्कॉटिश म्हाताऱ्याला बोलावलं. पॅट्रिक गेडिस त्याचं नाव. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेकडे वळलेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचा मोठा मुलगा फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला होता आणि जूनमध्ये बायको इथे हिंदुस्थानातच आजारपणात गेली. मुलगा गेल्याचं त्यानं तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही म्हणतात. असा दोन्हीकडून रिता झालेला माणूस नकाशे घेऊन आपल्या बोळांतून हिंडत होता. लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब. नकाशावाला आला म्हणजे घर पडणार, हे लोकांना ठाऊक होतं.

गेडिसनं दरबाराकडे मागणं केलं: मला एका दिवसापुरता महाराजा करा. मग दवंडी पिटली. यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल, पण तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या रस्त्यावर सगळ्यांत जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील, त्या रस्त्यानं ती जाईल. घराघरातली घाण दरबार फुकट उचलून नेईल.

मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. पालखी आपल्या दारावरून जाणार आणि आपल्या दारात सडा नाही, हे आपल्यातली कुठली बाई सहन करील? शेजारच्या गल्लीतून गेली नि आपल्या नाही, हे तर त्याहून कठीण. पुण्यात उंबरठा ओलांडून जे हिसकावून घेतलं, ते इथे आतल्या माणसानं आपणहून बाहेर आणून ठेवलं. शिवाय दिवाळीच्या आधी घर उपसून काढणं आपल्याकडे मुळातच असतं. या माणसानं नवीन काही शिकवलं नाही. आपल्याच कामाला त्यानं वाजंत्री लावली.

मिरवणूक निघाली. पुढे घोडदळ, तोफा, पिकापाण्याचे देखावे. मग रोगराईचं सोंग आलं: पडक्या घरांच्या प्रतिकृती, घाणीचा राक्षस म्हणून भला उंच रावण, आणि त्याच्यामागे माणसाएवढा लांब प्लेगचा उंदीर. त्यानंतर थोडी मोकळी जागा सोडली होती, आणि तिच्यामागून आले झाडूवाले. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात झेंडूचे हार, झाडूंनाही हार, गाड्यांच्या बैलांची शिंगं रंगवलेली. ज्यांची सावली टाळली जायची, त्यांना त्या दिवशी राजमार्गावर मधोमध चालवलं, आणि बघायला सगळं शहर. त्यांच्यामागे 'इंदूर नगरी' नावाची नवी देवी होती, पुढे कारागिरांचे चित्ररथ होते. लोकांना तुळशीची रोपं वाटली. रात्री राक्षस आणि उंदीर दोन्ही जाळले. कागदाचा उंदीर असल्यामुळे आमच्या पणजोबांनाही त्यात हिंसा दिसली नसावी.

ही हकीकत बहुतेक गेडिसच्याच तोंडून पुढे आलेली आहे, आणि तो गोष्टीवेल्हाळ होता, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला. प्लेग ओसरला, पण त्याचा हंगामही संपतच आला होता. तरी 1918 साली त्यानं दरबाराला दिलेला दोन खंडांचा अहवाल आहे, तो सांगोवांगी नाही. त्यात तो म्हणतो त्याचं सार असं: जुन्या वस्तीवर नांगर फिरवू नका. गल्ली गल्ली पायी फिरा, एखादं मोडकं घर काढा, तिथे झाड लावा, चौकात वारा येऊ द्या, बाकीचं राहू द्या. तुळशीवृंदावनाकडे तो अंधश्रद्धा म्हणून बघत नाही. जिथे तुळस जगते तिथे अंगण जपणारी गृहिणी असते, हे त्यानं बरोबर हेरलं.

त्याच मल्हारगंज-राजवाड्याकडे गेल्या काही वर्षांत रस्ते रुंद झाले. घरांचे दर्शनी भाग कापले गेले. कोरीव सज्जे गेले, ओटे गेले. गाड्यांना जागा हवी, हे मलाही कळतं. पण ओटा गेला म्हणजे बायकांची संध्याकाळ गेली, हे कुठल्याच नकाशात दिसत नाही.

कचऱ्याचं पुढे काय झालं, तेही सांगते. 1924 नंतर इथे अल्बर्ट हॉवर्ड नावाचे शेतीशास्त्रज्ञ आले. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी त्यांनी पालापाचोळा, शेण, माती, राख थरांनी रचून तीनेक महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. 1931 साली त्यावर पुस्तक निघालं, त्यावर दुसरं नाव आपल्या यशवंत वाडांचं आहे. जगभर त्या रीतीला 'इंदूर पद्धत' म्हणतात. गच्चीवर भाजीच्या देठांचा डबा भरणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणि सुरत? 1994 साली तिथे प्लेगच्या भयानं माणसं गाड्या भरभरून पळाली. त्यानंतर त्या शहरानं स्वतःला घासून काढलं. पहिला नंबर विभागून घेणारी ही दोन्ही शहरं, आणि दोघांनाही प्लेगची धास्ती ठाऊक होती. पेपरात हे कुणी छापलं नाही.

आता रंगपंचमीला या, म्हणजे तुम्हाला मिरवणूक बघायला मिळेल. टोरी कॉर्नरची गेर निघते, राजवाड्यापुढे पाय ठेवायला जागा नसते, गुलाल तिसऱ्या मजल्यापर्यंत उडतो. गेर पुढे सरकली की तिच्या मागोमाग सफाई कामगार येतात, बायकाच जास्त, साडीवर जाकीट घातलेल्या. काही वेळातच रस्ता धुतलेला दिसतो. लोक मोबाइलवर त्यांचं चित्रण करतात, टाळ्याही वाजवतात. हार मात्र कुणी घालत नाही. आमच्या बाखळीतल्या बायका यंदा खाली उतरून त्यांना पाणी आणि गूळ देणार आहेत. झेंडू आणायचं काम माझ्याकडे आहे.